विकतचे अन्न

गेल्या मार्गशीर्षातील एका संध्याकाळी आम्ही घरची मंडळी फैजपूर–सावदा रस्त्यावरील एका उपाहारगृहात जेवावयास गेलो होतो. प्रसंग काही विशेष नव्हता. पुण्याहून सुटीत आलेल्या माझ्या मुलीस व पुतण्यास बाहेर जेवावे असे वाटले, इतकेच. टेबलाच्या एका बाजूस तंदुरात भाजलेली, लाल तिखटाने माखलेली कोंबडी आली. दुसऱ्या बाजूस वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी आली. शेवटी उंच पेल्यांतून फालूदा व बशीतून बऱ्हाणपुरी मावा जिलबी येणार होती. माझ्या मातोश्रींचे वय शहाऐंशी वर्षांचे असून त्यांनी जन्मात मांसाहार केलेला नाही. त्यांनी कोंबडीच्या ताटाकडे पाहिले नाही. पण त्या उठूनही गेल्या नाहीत. पाणी ठेवावयास आलेल्या मुलास मात्र त्यांनी हळूच विचारले, "कोनाचं हाये रे बापू हे हाटेल?" मुलगा तरतरीत होता. तो म्हणाला, "आपलंच हाये, आजी."

माझी मुलगी हसली. मालकाचे नाव कळून आजीला काय करावयाचे आहे, असे तिला वाटले असावे. मला मात्र हसू आले नाही. हा प्रश्न मालकाच्या नावाचा नव्हता. त्या नावामागून जे कळते त्याचा होता. इतिहास शिकविण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याला त्या चार शब्दांत एक संपूर्ण युग ऐकू आल्याशिवाय कसे राहील? बाहेर जेवणे ही आज आपणा मध्यमवर्गीयांची करमणूक आहे. शंभर वर्षांपूर्वी ती एक तर अडचण होती, नाही तर बंड. अडचणीची करमणूक कशी झाली आणि त्या बंडाचे पुढे काय झाले, हे थोडक्यात पाहावे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

अन्न विकण्याविषयी आपल्या परंपरेचे मत एकसारखे नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, आपत्काळी ज्या ब्राह्मण-क्षत्रियांनी व्यापारावर पोट भरावे त्यांना कोणकोणत्या वस्तू विकण्याची मनाई आहे, ह्याची एक यादी दिली आहे. तीत शिजविलेले अन्न आहे. अन्न द्यावे, वाढावे, दान करावे. त्याचा सौदा करू नये, अशी ती दृष्टी. उलट कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या बंदोबस्ताचे वर्णन करताना शिजविलेले मांस विकणारे व भात विकणारे ह्यांचा उल्लेख अगदी सहज येतो. त्यांनी आपल्या ओळखीच्या माणसांस उतरून घ्यावे, अशी तेथे मुभा आहे. म्हणजे धर्मशास्त्र ज्याकडे भुवया उंचावून पाहत होते, ते राज्यशास्त्र निमूटपणे गृहीत धरीत होते. शहर म्हटले की उपाशी परका माणूस आला, आणि उपाशी परका माणूस आला की त्याला पैसे घेऊन जेवू घालणाराही आला. विकतचे अन्न हे अर्वाचीन पाप नव्हे. फार तर त्याची लाज जुनी आहे.

ज्याला ती लाज वाटे, तो प्रवासात काय करी? तो शिदोरी बांधून निघे. शिदोरी संपली की धर्मशाळेच्या ओसरीवर तीन दगडांची चूल मांडी, वाण्याकडून कोरडा शिधा घेई आणि स्वतः शिजवून खाई. क्षेत्राच्या ठिकाणी अन्नछत्र असे. परंतु तेथेही पंगती जातवार बसत. मुसलमान वाटसरूंसाठी सरायांतून भठियारे असत. पैसे घेऊन ते रोटी व सालन शिजवून देत. ह्या सर्व व्यवस्थेत एक गोष्ट समान होती : ज्याने त्याने आपापल्या माणसांतच जेवावयाचे. अन्न विकत घेण्यापेक्षाही ते कोणाच्या शेजारी बसून खावे हा प्रश्न अवघड मानलेला होता.

आता आमच्या टेबलावरील पदार्थांकडे वळू. फैजपुरावरून आज जो बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता जातो, तो रावेर, सावदा, यावल, चोपडा अशी गावे जोडीत तापीच्या उत्तर अंगाने पश्चिमेकडे वळतो. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा मोगल काळचा राजमार्गही नंदुरबार, थाळनेर, चोपडा ह्याच टापूतून जात असे. इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली ह्याच वाटेने चोपड्यावरून बऱ्हाणपुरास पोचला. बऱ्हाणपूर हे आधी फारुकी सुलतानांचे आणि १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतल्यानंतर मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य शहर होते. सैन्य, सौदागर, विणकर, फकीर आणि आचारी ह्यांचा तेथे राबता असे. फैजपुराहून ते बैलगाडीच्या दोन-तीन मुक्कामांवर. तेव्हा फालूद्यासारखा पदार्थ आमच्या भागात नवलाचा वाटू नये. त्याचे मूळ फारसी नाव 'पालूदा'. अरबांनी त्याचे 'फालूदज' केले आणि आपण 'फालूदा' म्हणतो. शेवया, सब्जा, दूध आणि गुलाबाचे सरबत ही आजची त्याची हिंदुस्थानी सजावट होय.

जिलबीची कथा तर आपल्याच एका विद्वानाने शोधून ठेविली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी १९४३ साली जिलबीच्या इतिहासावर एक टिपण लिहिले. अरबी 'जलाबिया' हे ह्या पदार्थाचे मूळ नाव. जैन ग्रंथकार जिनसूर ह्याच्या सुमारे इ. स. १४५० च्या 'प्रियंकरनृपकथे'त मेजवानीच्या वर्णनात जिलबी येते, आणि सतराव्या शतकातील रघुनाथ नवहस्त ह्यांच्या 'भोजनकुतूहल' ह्या संस्कृत ग्रंथातही तिला स्थान आहे. हा ग्रंथकार महाराष्ट्रीय ब्राह्मण. तंजावरच्या व्यंकोजी राजांची राणी दीपाबाई हिचा त्याला आश्रय होता. परदेशातून आलेला पदार्थ दोन-तीन शतकांत संस्कृत ग्रंथांत जाऊन बसला आणि पुढे आपल्या लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याच्या जोडीस आला. त्याला कोणी जात विचारली नाही.

भाजलेल्या मांसाची गोष्ट ह्याहून जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मांस शिजविण्याचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत सळीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले 'शूल्य' मांस आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर ह्याने सुमारे ११२९ च्या आसपास रचलेल्या 'मानसोल्लासा'च्या अन्नभोग प्रकरणात सळीवर भाजलेल्या मांसाचे प्रकार दिले आहेत. आणि गंमत अशी की त्याच प्रकरणात 'मंडक' म्हणजे आपले मांडेही आहेत. ते मांडे खानदेशात आजही पालथ्या खापरावर भाजले जातात. आमच्या टेबलावरील तिखट कोंबडी आणि आमच्या खापरावरील पुरणाचा मांडा ही दोन्ही एका राजाच्या मुदपाकखान्यात नऊशे वर्षांपूर्वी शेजारी नांदत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि भरीत? तेही भाजण्याचेच कौतुक होय. बामणोद, भालोद, आसोदे ह्या भागांतील मोठी हिरवी वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर काळी होईतो भाजावयाची, साल काढून लाकडी भांड्यात मुसळीने ठेचावयाची, आणि मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात ह्यांची तेलात फोडणी द्यावयाची. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या काड्या हे इंधन आणि थंडीत येणारे वांगे हे अन्न, असा हा शेतावरचा मेळ आहे. जळगावच्या ह्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हा सरकारदरबारी त्याची नोंद झाली. आमच्या लेखी ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

एवढे पदार्थपुराण सांगण्याचे कारण असे की, अन्नाच्या इतिहासावर लिहिणारे बहुधा येथेच थांबतात. कोणता पदार्थ कोठून आला हे सांगितले की काम झाले, असे त्यांस वाटते. परंतु खरा इतिहास पदार्थाचा नसून पंगतीचा आहे. पदार्थ सरहद्दी सहज ओलांडतो. जिलबी इराण-अरबस्तानातून फैजपुरास आली; पण फैजपुरातल्याच एका आळीतला माणूस दुसऱ्या आळीतल्या माणसाशेजारी बसून ती खाऊ शकत नव्हता. हजार कोसांची वाट जिलबीने चालून टाकली. ही शंभर पावलांची वाट माणसाला फार जड गेली.

ती वाट चालावयास प्रथम भाग पाडले ते आगगाडीने. १८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग भुसावळावरून पुढे गेला आणि १८७० मध्ये मुंबई व अलाहाबाद ही शहरे जबलपूरमार्गे जोडली गेली. भुसावळ हे मोठे जंक्शन झाले. डब्यात कोण शेजारी बसावे हे आता उतारूच्या हाती राहिले नाही. रेल्वेने मात्र जुना नियम नव्या जागी नेऊन ठेवला. स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे निराळे घडे व निराळे पाणके असत आणि पुढे उपाहाराच्या खोल्याही निराळ्या झाल्या. तरीही दोन दिवसांच्या प्रवासात शिदोरी विटते, आणि भूक शास्त्रापेक्षा बलवत्तर असते. स्टेशनावरची पुरी-भाजी कोणी तळली हे न विचारता खाणारा पहिला सोवळा गृहस्थ कोण, हे इतिहासाला ठाऊक नाही. पण तोही आपल्यापुरता एक सुधारकच होता.

आगगाडीने माणसे मुंबईस नेली. १८५६ साली मुंबईची पहिली कापड गिरणी चालू झाली आणि पुढे कोकण व घाटावरून हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून तेथे गेले. त्यांचे पोट भरले ते खाणावळींनी. आणि त्या बहुतेक बायकांनी, आपल्याच खोलीतील चुलीवर, महिन्याच्या हिशेबाने चालविल्या. ह्या खाणावळवाल्या बायकांचे ऋण मराठी इतिहासाने फारसे मान्य केलेले नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव ह्यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापून त्यांना संघटित केले, तेव्हा कोठे त्यांच्या कष्टास नाव मिळाले. पांढरपेशांच्या खाणावळी गिरगाव-दादरात निघाल्या. पाट्यांवर 'ब्राह्मणी' हा शब्द ठळक असे. म्हणजे अन्न विकले जाऊ लागले तरी सोवळेही त्याच्याबरोबर विकले जात होते. इराण्यांच्या दुकानांची गोष्ट थोडी वेगळी. कयानी आणि कंपनीसारखी दुकाने विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्ची, ब्रून-मस्का आणि चहा. चहा विकणाऱ्या इराण्याला हिंदूंच्या पोटजातींशी कर्तव्य नव्हते. त्याला पैशाशी कर्तव्य होते. पैशाच्या ह्या थंडपणात एक प्रकारची उदारता दडलेली होती, हे कबूल करावयास पाहिजे.

सुधारकांनी जे केले ते ह्याच्या नेमके उलट, उष्ण आणि उघड होते. निदान व्हावयास हवे होते. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आदि मंडळींनी परमहंस सभा काढली. परजातीयांच्या हातचा पाव व पाणी घेणे ही तिची दीक्षा. पण ती गुप्त. १८६० मध्ये सभासदांची नावे बाहेर पडण्याची वेळ आली आणि सभा विस्कटली. पुढे तीस वर्षांनी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्यास पंच हौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास जमली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी ह्यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभवा'त छापून टाकली. ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक ह्या दोघांसही प्रायश्चित्ताचा मार्ग धरावा लागला. एक पेला चहा! ज्यांच्या बुद्धीस सरकार भीत होते, त्यांस एका पेल्याचा हिशेब द्यावा लागला.

ह्या दोन्ही प्रकरणांत पिणारे वरच्या जातींचे होते, हे विसरून चालणार नाही. पेल्याची खरी कसोटी दुसऱ्या बाजूने लागते : खालचा मानलेला माणूस विकील तर वरचा घेईल काय? ती कसोटी कोल्हापुरात लागली. गंगाराम कांबळे ह्यांनी तेथे चहाचे दुकान घातले. अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. शाहू छत्रपती आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करवीत, स्वतः चहा पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांसही पाजीत. राजाने कायदा करावा हे सोपे. राजाने गिऱ्हाईक व्हावे हे अवघड. रत्नागिरीस १९३३ साली सावरकरांच्या प्रेरणेने 'अखिल हिंदू उपाहारगृह' निघाले. तेथे सर्व जातींच्या हिंदूंस एकत्र बसण्याची मोकळीक होती आणि भेटीस येणाऱ्याने आधी तेथे चहा घ्यावा असा त्यांचा आग्रह असे. त्या पाटीवरील 'हिंदू' ह्या शब्दाने एक भिंत पाडली आणि दुसरी राहू दिली, हेही त्याच वेळी नमूद केले पाहिजे.

आमचा खानदेश ह्या सर्वांत कोठे होता? १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी चौकशी समितीचे सभासद म्हणून खानदेशात आले होते. चाळीसगावास उतरल्यावर त्यांना बसवून नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने घेऊन तो हाकण्यास, हाकण्याची सवय नसलेला, त्यांच्याच समाजातील एक गृहस्थ बसला. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. परदेशातील दोन विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेल्या बॅरिस्टरला जेथे भाडे देऊनही टांगा मिळत नव्हता, तेथे चहाच्या दुकानात त्याच्या समाजाची काय स्थिती होती, हे निराळे सांगावयास नको.

त्यानंतर सात वर्षांनी, २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी, राष्ट्रीय सभेचे अधिवेशन फैजपुरास भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यांना बैलांच्या रथातून मिरवीत आणले. शांतिनिकेतनाहून आलेल्या नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच साध्या सामानातून टिळकनगर सजविले. गांधीजींनी खादी व ग्रामोद्योग प्रदर्शन उघडले. नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय आले. शेतकऱ्यांसंबंधीचा ठराव झाला. हे सर्व पुस्तकांत आहे. पण मला नेहमी वाटते की, त्या अधिवेशनाचा एक ठराव न मांडताच संमत झाला आणि तो स्वयंपाकघरात झाला. हे कळण्यासाठी पस्तीस वर्षे मागे जावे लागते. १९०१ च्या कलकत्त्याच्या अधिवेशनात तमिळ प्रतिनिधींचे स्वयंपाकघर इतरांची दृष्टही पडू नये म्हणून तट्ट्यांनी बंद केलेले होते, असे गांधीजींनी आत्मचरित्रात लिहून ठेविले आहे. त्यांना ते वर्णाश्रमाचे विडंबन वाटले. जी सभा १९०१ मध्ये तट्ट्यांआड जेवत होती, तीच १९३६ मध्ये खेड्यात येऊन खेड्याचे धान्य व खेड्याचे पाणी घेत होती. केवढे हे अंतर!

माझे आजोबा त्या अधिवेशनात स्वयंसेवक होते. भोजनाकडे पाणी भरण्याचे काम त्यांच्या तुकडीस होते. मद्रासी, पंजाबी, बंगाली, पठाण ह्या सर्वांना आपण पाणी वाढले, त्यांची उष्टी भांडी उचलली, हे ते म्हातारपणी आम्हा नातवंडांस अभिमानाने सांगत. आणि तो अभिमान खरा होता. पण आमच्या घरी गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप पालथा ठेवलेला असे. शेतावर काम करणारा सालदार दुपारी आला की तो कप स्वतः विसळी आणि पुढे धरी. त्यात वरून चहा ओतला जाई. तो कप घरात कधी आला नाही. आजोबांनी तो ठेविला होता आणि माझ्या मातोश्री त्यात चहा ओतीत. मी सातआठ वर्षांचा असेन. मला त्यात काही वावगे दिसल्याचे आठवत नाही, हे येथे लिहिणे भाग आहे. अधिवेशनाच्या मांडवात जी वाट आजोबांनी चालून दाखविली, ती आमच्या गोठ्यापर्यंत येऊन थांबली होती.

घरांतून जे होते तेच गावोगावच्या चहाच्या दुकानांत होते : निराळा कप, निराळी जागा. म्हणूनच स्वतंत्र भारताच्या घटनाकारांनी समतेचे मोठे तत्त्व सांगून समाधान मानले नाही. त्यांनी दुकान व उपाहारगृह ह्यांची नावे घेतली. १९४६ साली मुंबई प्रांताने हरिजनांवरील सामाजिक निर्बंध दूर करण्याचा कायदा केला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची स्थळे ह्यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्यांवरून कोणास मज्जाव होऊ नये, असे स्पष्ट लिहिले. सतराव्याने अस्पृश्यताच रद्द केली आणि १९५५ च्या कायद्याने तो गुन्हा शिक्षापात्र ठरविला. चहाच्या पेल्याला राज्यघटनेत जागा मिळाली, असे म्हटले तर ते विनोदाने घेऊ नये. तरीसुद्धा १९७२ साली बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली आणि आमच्या गोठ्यातील तो कप त्यानंतरही काही वर्षे आपल्या जागी होता.

तंदुरी कोंबडी आमच्याकडे आली ती ह्याच काळात, आणि तीही एका दुःखाच्या पाठीवर बसून. तंदूर वायव्येकडे पुरातन. पण तंदुरात भाजलेल्या कोंबडीस देशभर नाव मिळाले ते १९४७ च्या फाळणीनंतर, पेशावरहून दिल्लीस आलेल्या निर्वासितांनी दर्यागंजात चालविलेल्या 'मोती महाल' ह्या भोजनगृहामुळे. घरदार गमावलेल्या माणसांनी आपली भट्टी तेवढी बरोबर आणिली. पुढे मालमोटारी वाढल्या, त्यांच्या पंजाबी हाकणाऱ्यांसाठी मुंबई–आग्रा रस्त्यावर व सुरत–नागपूर रस्त्यावर धाबे निघाले. धाब्यावर खाटेवर बसून जेवणाऱ्या मालमोटारवाल्यास कोणी जात विचारीत नसे; तो उद्या येथे नसणार, हेच त्याचे ओळखपत्र. खानदेशी माणसाने त्या भट्टीला आपले तिखट दिले आणि त्याच धाब्यावर शेवभाजीही बसविली.

बायका ह्या वाटेवर सर्वांत शेवटी आल्या. माझ्या लहानपणी कुलीन स्त्रीने हॉटेलात पाऊल ठेवणे गैर समजत. पुढे 'फॅमिली रूम' निघाली. लाकडी फळ्यांच्या त्या कोंदट खोपट्यात, मळक्या पडद्याआड, कुटुंबवत्सल गृहस्थ बायकोस मसाला डोसा खाऊ घाली. तो पडदा गेला त्यास फार दिवस झालेले नाहीत. माझ्या मातोश्रींनी आयुष्यभर घरी इतरांस वाढून मग स्वतः जेवण्याचा नियम पाळला. पन्नाशी उलटल्यावर त्यांना प्रथमच कोणी टेबलावर गरम वाढले. बाहेरच्या जेवणाविरुद्ध आरोग्याच्या, पैशाच्या व संस्काराच्या ज्या तक्रारी आपण करतो, त्या सर्व खऱ्या असल्या तरी ही एक नोंद त्यांच्यापुढे ठेवावी असे मला वाटते. घरच्या अन्नाची गोडी गाणारे बहुतेक पुरुषच असतात, हा काही योगायोग नव्हे.

तर मग वाट संपली काय? मी तसे म्हणणार नाही. आमच्या शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते आणि त्यांनाही आमच्याविषयी ठाऊक नव्हते, ही ह्या शतकातील मोठी कमाई आहे. पण ज्यांच्या हातांनी केळीचे घड उतरतात आणि कापूस वेचला जातो, त्या मजुरांची मंडळी त्या संध्याकाळी कोणत्याच टेबलावर नव्हती. जातीचा पहारेकरी दारातून उठला. त्याच्या जागी किमतीचा कागद येऊन बसला. तो कोणाचे नाव विचारीत नाही, एवढाच त्याचा सभ्यपणा. शिवाय सालदाराशेजारी एका टेबलावर बसण्याची वेळ आम्हांवर आलीच नाही. तेव्हा ती आली असती तर आम्ही कसे वागलो असतो, ह्याची परीक्षा झालेली नाही. अनोळखी माणसाशेजारी जेवणे सोपे असते. ओळखीच्या माणसाशेजारी जेवणे, ज्याच्या पेल्यात आपण वरून चहा ओतला त्याच्या शेजारी जेवणे, हे अजून शिकावयाचे आहे. आणि ते उपाहारगृहात शिकता येणार नाही, घरीच शिकावे लागेल.

जिलबी आली. मातोश्रींनी दोन वेढे खाल्ले, फालूदा अर्धा टाकला. परतताना गाडीत बराच वेळ त्या गप्प होत्या. बामणोदच्या बाजूस कोणाच्या तरी शेतात भरिताचा जाळ दिसत होता. मग त्या मला म्हणाल्या, "कारे, गोठ्यातला तो कप कुठी गेला असीन?"

गोठा पाडून वीस वर्षे झाली आहेत. मी म्हणालो, "मोडला असेल, आई."

"मोडला असीन तं बरं," त्या म्हणाल्या.